‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि डहाणू-तलासरीतील सत्तांतर : एक चिकित्सा

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त पुस्तक बहुधा चळवळीचे अनुभवकथन म्हणून वाचले जाते. सत्तांतराचे विवेचन म्हणूनही त्याची चिकित्सा व्हावयास हवी, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

१८०१ मध्ये अमेरिकेत फेडरलिस्टांकडून जेफर्सन यांच्या पक्षाकडे मतदानाच्या मार्गाने सत्ता गेली. राज्यशास्त्रात सत्तांतराचा हाच नमुना रूढ आहे. वारली समाजाचा अनुभव याहून वेगळा आहे. मे १९४५ च्या झरी येथील परिषदेनंतर वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नासाठीच्या कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी मुक्त झाले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलासरी परिसरात झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड हुतात्मा झाले, तरी चळवळ ओसरली नाही. म्हणजेच मताधिकार मिळण्यापूर्वीच जमीनदाराची सत्ता शेतावर ढळली होती. शामराव परुळेकर १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून आले, ते या बदलानंतरचे फलित होय. हे पौर्वापर्य स्पष्ट करणे, हे या ग्रंथाचे मोठे सामर्थ्य आहे.

तथापि ग्रंथाची मर्यादाही येथेच आहे. वारल्यांचे अनुभव संघटकाच्या प्रमाण मराठीतून येतात. शिवाय जागा झालेला माणूस पुढे मतदार म्हणून स्वतःच्या संघटनेबाहेरचा पर्याय निवडू लागला, तर त्याचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. डहाणू विधानसभा मतदारसंघात २००९ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राजाराम ओझरे, २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाचे पास्कल धनारे, तर २०१९ व २०२४ मध्ये पुन्हा मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले विजयी झाले. जागृती ही एकदाच घडणारी घटना मानली, तर २०१४ चा कौल ‘पुन्हा झोप’ ठरतो. असा निष्कर्ष मतदाराच्या विवेकावर अन्याय करणारा आहे; ज्याने मालकाला नकार दिला, त्याला पक्षालाही नकार देण्याचा अधिकार आहे.

सारांश, रानशेतसारख्या गावातील मतदान केवळ निष्ठेच्या किंवा प्रलोभनाच्या चौकटीत मोजणे अपुरे आहे. परुळेकरांच्या ग्रंथाने नकाराचा आरंभ सांगितला; त्या नकाराचे मतपेटीतील रूप तपासणे ही पुढील अभ्यासकांची जबाबदारी ठरते.