पडद्यावरच्या चुका आणि न दिसणारी जमात

चित्रपटातील चुका पकडणे हा आपल्याकडचा जुना आणि आवडीचा छंद आहे. नायकाच्या डाव्या मनगटावरचे घड्याळ पुढच्या शॉटमध्ये उजव्या मनगटावर जाते. पावसात चिंब भिजलेली नायिका दार उघडून आत येते तेव्हा तिचे केस कोरडे असतात. मारामारीत फाटलेला सदरा मारामारी संपेपर्यंत आपोआप शिवला जातो. जळगाव-धुळ्याच्या टॉकीजमधल्या पुढच्या रांगांना हे सारे बरोबर दिसते आणि त्याची दादही लगेच मिळते. समीक्षकांनी मात्र या छंदाला पोरकट ठरवून बाजूला सारले आहे. आम्हाला ते मान्य नाही. चूक कुठे झाली यावरून चित्रपटकर्त्याचे लक्ष कुठे होते आणि कुठे नव्हते हे कळते. समीक्षेला याहून अधिक उपयोगाची माहिती क्वचितच मिळते.

अशा चुका होतात याचे कारण साधे आहे. चित्रपट गोष्टीच्या क्रमाने चित्रित होत नाही. दाराबाहेरचा प्रसंग जानेवारीत आणि दाराआतला प्रसंग जूनमध्ये घेतला जातो. म्हणून युनिटमध्ये एक सहायक वही घेऊन बसतो. कोणत्या हातात पेला होता, पेल्यात पाणी किती होते, पदर कोणत्या खांद्यावर होता, हे तो टिपून ठेवतो. वहीत जे उतरते तेवढे सांभाळले जाते. जे उतरवण्यासारखे कुणाला वाटलेच नाही ते निसटते. आमचा मुद्दा या दुसऱ्या वाक्याचा आहे.

'शोले' (1975) घेऊ. ठाकूरच्या हवेलीत जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते तो प्रसंग संधिप्रकाशात हवा होता. तसा प्रकाश दिवसातून थोडा वेळच मिळतो. छायालेखक द्वारका दिवेचा आणि दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी एवढ्याशा प्रसंगासाठी कितीतरी संध्याकाळी खर्च केल्या. इतक्या जपणुकीने केलेल्या याच चित्रपटात एक चूक सर्वांच्या तोंडी आहे. रामगढात वीज नाही म्हणून दिवे लावावे लागतात, मग वीरू ज्या टाकीवर चढून जीव देण्याची धमकी देतो त्या टाकीत पाणी चढते कसे? रावेर-यावलकडच्या केळी उत्पादकाला हा प्रश्नच पडणार नाही. ऑइल इंजिन बसवले असेल, असे तो सांगेल आणि पुढचा प्रसंग पाहू लागेल. प्रेक्षक अशा चुका स्वतःच्या अनुभवाने दुरुस्त करून घेतो.

'अमर अकबर अँथनी' (1977) मधला रक्तदानाचा प्रसंगही असाच. तिघा भावांच्या हातांतून निघालेले रक्त नळ्यांतून वर चढते, एका बाटलीत एकत्र होते आणि तिथून खाली आईच्या शरीरात उतरते. वैद्यकशास्त्र आणि गुरुत्वाकर्षण या दोघांनाही मनमोहन देसाईंनी एका फटक्यात रजा दिली. पण ही चूक कुणाला बोचत नाही, कारण तिथे रक्तगटाची गोष्ट चाललेली नाही. तिघांची आई एक आहे, एवढेच सांगायचे आहे. जाणूनबुजून घेतलेल्या अशा सवलतीला आम्ही चूक म्हणणार नाही.

आता पुन्हा 'शोले'कडे येऊ आणि ज्या चुकीवर कुणी शिटी मारत नाही ती पाहू. रामगढात मशीद आहे. अजान होते. ए. के. हंगल यांचे आंधळे इमामसाहेब आहेत आणि सचिन पिळगावकरांचा अहमद आहे. बापाला सोडून जायला राजी नसलेल्या या पोराला जबलपूरच्या बिडी कारखान्यात नोकरी मिळते. भुसावळहून जबलपूरकडे जाणाऱ्या गाडीत असे किती अहमद बसले असतील! गब्बर त्याला मारतो आणि मुडदा घोड्यावर घालून गावात पाठवतो. गावकरी हवालदिल होतात, इमामसाहेब त्यांना धीर देतात, आणि अजान ऐकू येताच मशिदीकडे निघतात. हिंदी चित्रपटातला हा एक थोर प्रसंग आहे यात शंका नाही. पण विचारा की, या मशिदीतली जमात कुठे आहे? अहमदला गुस्ल कुणी दिला? कफन कुणी आणले? आंधळ्या बापाचा हात धरून जनाज्याच्या नमाजीला कोण उभे राहिले? पडद्यावर यातले काही नाही. गावातले मुसलमान म्हणून ठळकपणे दिसतात ते हे दोघेच, आणि त्यातला एक मरण्यासाठी आहे. घोड्यांच्या टापांपासून दिव्याच्या वातीपर्यंत सगळे तपासले गेले, जमात तपासली गेली नाही. टाकीची चूक पन्नास वर्षे चघळली गेली. या चुकीचा उच्चार आम्ही कुठे ऐकला नाही.

इतिहासाच्या बाबतीतही तेच. 'मुघल-ए-आझम' (1960) मधली अनारकली ना 'अकबरनामा'त आहे, ना जहांगीरच्या आत्मचरित्रात. ती दंतकथा आहे आणि इम्तियाज अली ताज यांच्या 1922 मधल्या नाटकाने ती घरोघरी पोहोचवली. दुर्गाबाई खोटे यांनी साकारलेल्या सलीमच्या आईचे चित्रपटातले नाव जोधाबाई आहे; मुघल कागदपत्रांत ती मरियम-उझ-जमानी आहे. दंतकथेवर चित्रपट काढायला आमची हरकत नाही. पण खानदेशच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सलीमने बापाविरुद्ध बंड केले ते 1600 साली, आणि अकबर तेव्हा आग्ऱ्यात नव्हता. तो आपल्याकडे होता. फारुकी सुलतानांचे बुऱ्हाणपूर घेऊन त्याने आसिरगडाला वेढा घातला होता. जानेवारी 1601 मध्ये गड पडला, फारुकींचे राज्य संपले, आणि शहजादा दानियालच्या नावावरून खानदेशचे नाव काही काळ 'दानदेश' झाले. वेढ्यात अबुल फजल सामील होता. पुढच्याच वर्षी सलीमच्या इशाऱ्यावरून त्याचा खून झाला. बापलेकांमधला खरा झगडा सत्तेचा होता आणि त्याचे एक टोक तापीकाठी होते. पडद्यावर तो एका नर्तकीवरून झाला. शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला फारुकींच्या कबरी आजही उभ्या आहेत. शीशमहालातले गाणे ज्यांना पाठ आहे त्यांतल्या किती जणांनी त्या पाहिल्या असतील?

मोठे चित्रपट बाजूला ठेवले तरी रोजच्या चुका संपत नाहीत. पडद्यावरच्या निकाहात 'कुबूल है' तीनदा घुमते, पण मेहरची रक्कम कुणी उच्चारत नाही आणि साक्षीदार दिसत नाहीत. वास्तविक मेहर आणि साक्षीदार आवश्यक आहेत, तीनदा म्हणणे हा केवळ रिवाज आहे. नमाज म्हणजे हात वर करून मागितलेली दुआ, एवढीच अनेक दिग्दर्शकांची समजूत दिसते. भाषेचे तर विचारूच नका. पडद्यावरचा मुसलमान एक तर लखनौच्या कोठीतला असतो किंवा मुंबईच्या गल्लीतला. यावल-चोपड्याच्या सातपुडा पायथ्याचा तडवी, आठवडी बाजारात अहिराणीत भाव ठरवणारा बागवान, धुळ्याच्या यंत्रमागावरचा मोमीन, मराठी शाळेत शिकून मराठीतच अर्ज लिहिणारी त्याची मुलगी, यांतले कुणीही 'आदाब अर्ज है' म्हणत घरात शिरत नाही. आपल्याकडे सलाम करतात आणि पाणी मागतात.

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले असे की, सिनेमा करमणूक आहे, एवढे काय मनावर घ्यायचे? पण ज्या प्रेक्षकाच्या शेजारात मुसलमान घर नाही, त्याच्यापुरते पडद्यावरचे घर हेच मुसलमान घर ठरते. टाकीत पाणी कसे चढते ते तो अनुभवाने दुरुस्त करून घेईल. आपले घर कसे असते ते दुरुस्त करायला त्याच्याजवळ अनुभव नाही. दुसरे उत्तर आपल्यातल्याच काही मंडळींचे: बंदी घाला, पोस्टर फाडा. हा मार्गही आम्हाला मंजूर नाही. बंदीने चूक दुरुस्त होत नाही, फक्त पुढचा दिग्दर्शक मुसलमान पात्रच गाळून टाकतो.

बरोबर चित्रण अशक्य आहे असेही नाही. एम. एस. सथ्यूंच्या 'गर्म हवा'तले आग्ऱ्याचे घर खरे वाटते, कारण तिथे फाळणीसोबत चपलांचा कारखाना, कर्ज आणि पोरीचे लग्नही आहे. 'बाजार' (1982) मधली नजमा साकारणारी स्मिता पाटील मूळ शिरपूरच्या घराण्यातली. गरिबीपायी विकल्या जाणाऱ्या निकाहाची ती गोष्ट आपल्याला अस्वस्थ करते, कारण ती आपल्या घरातली आहे. आणि 'सैराट' (2016) मधला सल्या पाहा. सलीम शेख हे त्याचे नाव, पण गावच्या पोरांत तो गावचा पोर आहे. त्याची मराठी परश्याचीच मराठी आहे. त्याला ओळखवायला कव्वाली लागत नाही.

आता मालेगाव. जिल्हा नाशिक असला तरी बोलीने आणि बाजाराने हे शहर खानदेशाला चिकटलेले आहे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. यंत्रमाग शुक्रवारी बंद, म्हणून कामगार-नटांना सवड तेवढीच. आठवड्यातून एक दिवस चित्रीकरण झाले की दोन शॉटमध्ये दाढी वाढणारच आणि सदरा बदलणारच. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटाने ही धडपड जगाला दाखवली, आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' 2025 मध्ये चित्रपटगृहांत आला. याच मुलुखातल्या खानदेशी कॉमेडीने सीडीवरून मोबाइलपर्यंत मजल मारली आणि 'छोटू दादा' देशभर पोहोचला. या चित्रपटांत वहीत टिपायच्या चुका ढिगाने सापडतील. विनोद अनेकदा सवंग असतो आणि बायकांना त्यात थट्टेपलीकडे जागा नसते, हेही सांगायला हवे. पण त्यांतला मुसलमान चहाची उधारी ठेवतो, सासऱ्याशी भांडतो, हिंदी-उर्दू-मराठी-अहिराणीच्या मिसळीत बोलतो. तिथे घड्याळ चुकते, माणूस चुकत नाही. मुंबईच्या मोठ्या चित्रपटांत बहुधा याच्या उलट घडते, आणि तिथे पैसा कमी पडला असे म्हणायची सोय नाही.

म्हणून आमची सूचना दोन्हीकडच्यांना आहे. मालेगाव-धुळे-जळगावच्या तरुणांनी सहायकाच्या वहीची शिस्त शिकावी. तिला फारसा खर्च लागत नाही. आणि मुंबईकरांनी त्या वहीत आणखी एक रकाना आखावा: हे पात्र घरी कोणत्या भाषेत बोलते, याच्या निकाहाला साक्षीदार कोण होते, याचा जनाजा कुणी उचलला. तो रकाना रिकामा राहिला तर आपल्या लिहित्या मंडळींनी चित्रपटाचे नाव आणि प्रसंग घालून तो भरावा, आणि असे टिपण दरवर्षी याच पानांवर छापावे.