‘निमज्जन’ आणि ‘काढणी’ : विलेपनाच्या एका संज्ञेची चिकित्सा

द्रवात वस्तू बुडवून तिच्यावर पातळ पटल चढविण्याच्या पद्धतीस इंग्रजीत ‘डिप कोटिंग’ म्हणतात. परिभाषेच्या रूढ धाटणीने या पदाचे मराठीकरण करावयाचे तर ‘निमज्जन-विलेपन’ हा शब्द सहज सिद्ध होतो, आणि व्याकरणदृष्ट्या तो निर्दोषही आहे. माझा आक्षेप त्याच्या संस्कृतपणावर नाही. ज्या क्रियेचे तो नाव आहे ती क्रिया तो अर्धीच सांगतो, हा आक्षेप आहे.

बीड जिल्ह्यातून आलेल्या, भौतिकशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे मराठी टिपण मध्यंतरी भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आले. काचेची पट्टी द्रावणात किती सेकंद ठेवली हे त्यात दर वेळी काटेकोरपणे नोंदलेले होते. ‘नंतर पट्टी बाहेर काढली’ हे मात्र एका वाक्यात उरकले होते. किती वेगाने काढली, याचा उल्लेख नव्हता. हा माझा विषय नव्हे. परंतु त्या विषयातील सहकाऱ्यांनी सांगितले की, एवढ्या एका उणिवेमुळे तो प्रयोग दुसऱ्या कोणास पुन्हा करता येणार नाही.

कारण उघड आहे. पट्टी बुडालेली असताना तिच्यावर पटल बनत नाही. ती वर येऊ लागली म्हणजे बनते. वर येताना ती आपल्याबरोबर द्रव ओढून आणते, गुरुत्वाकर्षण त्यास खाली निथळविते, आणि या ओढाताणीतून जो थर उरतो तो सुकून पटल होतो. लांडाऊ व लेव्हिच यांनी 1942 मध्ये याचे गणित मांडले. त्यांच्या सूत्राप्रमाणे ओल्या थराची जाडी वेगाच्या दोन-तृतीयांश घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट केला तर जाडी सुमारे 1.6 पट होते. द्रवाचा दाटपणा वाढविला तरी परिणाम तसाच. भज्यांचे पीठ घट्ट भिजविणारी गृहिणी हे सूत्राविना जाणते. पट्टी अतिशय सावकाश काढली तर बाष्पीभवन वरचढ ठरते आणि हा नियम उलटतो, हेही नमूद केले पाहिजे. पण तेथेही निर्णायक ठरतो तो वेगच.

आता भाषेकडे वळू. इंग्रजी ‘डिप’ या क्रियापदात बुडविणे आणि लगेच बाहेर काढणे, असे दोन्ही अर्थ गृहीत आहेत. ‘निमज्जन’ म्हणजे नुसते बुडणे. त्यात वर येणे नाही. भाषांतरात जे गळाले ते नेमके हेच. आणि खेदाची गोष्ट अशी की, मराठीजवळ हा भेद सांगण्याची सोय आधीच आहे. बीडकडचा शेतकरी उसाचे बेणे औषधात ‘बुडवून ठेवतो’, कारण तेथे औषध मुरण्यास वेळ द्यावा लागतो. सरकीचे तंतू बसावेत म्हणून ती पूर्वी शेणकाल्यात ‘घोळीत’ असत. आणि ज्यावर नुसता लेप हवा ते ‘बुडवून काढावयाचे’ असते. ठेवणे आणि काढणे ही सहायक क्रियापदे येथे शोभेसाठी येत नाहीत; काळ मोजावयाचा की वेग, हे तीच ठरवितात. आमच्या विद्यार्थ्याने काळ मोजला, कारण त्याच्या हाती दिलेल्या शब्दाने त्यास तेवढेच सांगितले. घरी हाच मुलगा बेणे आणि भजी यांत घोटाळा करता ना.

दोन्ही क्रियापदे एकत्र लागतात असेही उदाहरण आहे. परळीच्या वीजकेंद्रातून निघणाऱ्या वाहिन्यांचे पोलादी मनोरे गंजू नयेत म्हणून त्यांचे भाग सुमारे 450 अंश सेल्सिअस तापलेल्या वितळत्या जस्तात बुडविलेले असतात. तेथे ठेवण्याच्या काळात लोखंड व जस्त यांच्या मिश्रधातूचे थर वाढतात, आणि त्यांवरील शुद्ध जस्ताचा थर काढण्याच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होतो. जाता जाता सांगावेसे वाटते की, या प्रक्रियेचे इंग्रजी नाव गॅल्व्हानीवरून पडले असले तरी वितळत्या जस्ताच्या या हौदात बाहेरून विद्युत्प्रवाह सोडावा लागत नाही. आमचा ‘जस्ती पत्रा’ त्या मानाने अधिक खरे बोलतो.

संज्ञा ही संकेताने अर्थ पावते, तिने वर्णन केलेच पाहिजे असे नाही, असे भाषाशास्त्राचा अभ्यासक यावर म्हणेल. रूढ संज्ञेपुरते ते मान्य आहे. परंतु नवी, सामासिक संज्ञा विद्यार्थी नाव म्हणून वाचीत नाही, व्याख्या म्हणून वाचतो. तिचे अवयव सोडवूनच तो अर्थ लावतो. ज्या अंबाजोगाईशी परंपरेने मुकुंदराजांचे नाव जोडले आहे, त्या परिसरातील विद्यार्थ्यास शास्त्रीय विचार मराठीत पेलणार नाही असे कोणी म्हणू नये. त्यास शब्द मात्र पुरा दिला पाहिजे.

पर्याय कोणता? ‘निष्कासन-वेग’ म्हटले तर अतिक्रमणे हटविल्याचा भास होतो. ‘उद्धार-वेग’ व्युत्पत्तीने अचूक आहे, पण मराठीत एखाद्याचा उद्धार करणे म्हणजे काय हे सर्वांस ठाऊक आहे. मला ‘काढणीचा वेग’ हा प्रयोग बरा वाटतो, आणि जो द्रव खाली ओघळतो त्यास ‘निथळ’. काढणी म्हटले की ज्वारी आठवते, हे खरे. तो दोष मी पत्करतो. ‘विलेपन’ आहे तसे राहू द्यावे.

त्या टिपणातील ‘निमज्जन’ मी खोडले नाही. समासात ‘काढणीचा वेग किती?’ एवढे लिहून ते परत केले.