तापमानाचे छत : एका सोयीच्या विधानाची तपासणी

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयातील व्याख्यानात मी फळ्यावर एक उभी रेघ ओढली. तळाशी लिहिले : उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. माथ्यावर लिहिले : १४ नंतर ३१ शून्ये, इतके केल्व्हिन. ‘ही निसर्गाची जमीन आणि हे छत,’ असे मी ठणकावून सांगितले. समोर बसलेल्या गणिताच्या एका निवृत्त बाईंनी विचारले, ‘‘जमीन कशी ठरली ते सांगितलंत. छत कोणी आणि कशावरून ठरवलं?’’ मला उत्तर देता आले नाही. भौतिकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. ते विधान मी लोकप्रिय पुस्तकांतून उचलले होते आणि तपासले नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

जमिनीबद्दल वाद नाही. वस्तूतून ऊर्जा काढून घेत गेलो की एक किमान अवस्था येते, तिच्याखाली काढण्यासारखे काही उरत नाही. तेच निरपेक्ष शून्य. सममितीच्या मोहाने आपण वरही तसेच टोक असेल असे धरून चालतो. पण ऊर्जा काढून घेण्याला शेवट आहे म्हणून ती घालण्यालाही असावा, असे कुठे आहे?

इथे प्रकाशवेगाचा दाखला हमखास दिला जातो : कण प्रकाशाहून वेगाने धावू शकत नाहीत, म्हणून तापमानही अडणारच. हा तर्क चुकीचा आहे. १९६४ साली विल्यम बर्टोझी यांनी इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक ऊर्जा देऊन पाहिले. वेग प्रकाशवेगाजवळ जाऊन जवळजवळ थबकला. पण इलेक्ट्रॉन ज्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर आदळत, तिला मिळणारी उष्णता वाढतच राहिली. वेगाला मर्यादा आहे, ऊर्जेला नाही. आणि तापमानाचे नाते ऊर्जेशी आहे.

मग तो ३१ शून्यांचा आकडा आला कुठून? १८९९ मध्ये माक्स प्लांक यांनी निसर्गातील मूलभूत स्थिरांक एकत्र जुळवून लांबी, काळ, वस्तुमान आणि तापमान यांची ‘नैसर्गिक’ एकके मांडली. ती एकके होती, मर्यादा नव्हत्या. याची साधी कसोटी घेता येते. त्याच रीतीने निघणारे प्लांक वस्तुमान सुमारे २२ मायक्रोग्रॅम भरते. मिठाचा साधा दाणाही त्याहून जड असतो! प्लांक वस्तुमानाला कोणी जगातील कमाल वस्तुमान म्हणत नाही. मग प्लांक तापमानालाच हा मान का? त्या तापमानाला एकेका कणाची ऊर्जा इतकी होते की गुरुत्वाकर्षणाचा पुंजवादी विचार टाळता येत नाही, आणि तसा सर्वमान्य सिद्धान्त आज हाती नाही. म्हणजे तिथे आपला नकाशा संपतो. जग संपते की नाही, हे नकाशा सांगत नाही.

छत घोषित करण्याची घाई याआधीही झाली आहे. १९६५ मध्ये जिनिव्हाच्या सर्नमध्ये रोल्फ हागेडोर्न यांनी सुमारे दोन लाख कोटी केल्व्हिनची कमाल मर्यादा सुचवली. त्यांचा युक्तिवाद कसदार होता : पाणी उकळू लागले की जाळ वाढवूनही त्याचे तापमान वाढत नाही, तसे त्या टप्प्याला घातलेली ऊर्जा नवनव्या जातींचे कण घडवण्यात खर्ची पडेल. पण उकळण्याचा दाखला अर्ध्यावर थांबला होता. पाण्याची वाफ झाली की तापमान पुन्हा चढते. १९७५ मध्ये काबिब्बो आणि पारिझी यांनी नेमके तेच सुचवले : ही मर्यादा नसून अवस्थांतर आहे, त्यापलीकडे क्वार्क मोकळे होतात. २०१० मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेने सोन्याच्या अणुकेंद्रांच्या टकरींतून सुमारे चार लाख कोटी अंश तापमान मिळाल्याचे जाहीर केले. छताचा मजला झाला होता.

आणखी एक गंमत. १९५१ मध्ये पर्सेल आणि पाउंड यांनी लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकातील अणुकेंद्रांच्या चुंबकीय दिशा उलटवल्या. अशा व्यवस्थेत ऊर्जेला खरोखरच कमाल मर्यादा असते. आणि तिथेच रूढ व्याख्येने तापमान अनंत ओलांडून उणे होते. हे उणे तापमान कोणत्याही अधिक तापमानाहून उष्ण असते. या व्याख्येवर अलीकडे आक्षेपही घेतले गेले आहेत. पण ऊर्जेला छत म्हणजे तापमानाला छत, हे समीकरण इथे टिकत नाही एवढे खरे.

माझा आक्षेप प्लांक किंवा हागेडोर्न यांच्यावर नाही. तो ‘याहून पुढे आम्हांला ठाऊक नाही’ या वाक्याचे ‘याहून पुढे काही नाही’ असे भाषांतर करणाऱ्या आमच्या लेखनावर आहे. त्या व्याख्यानात काही शाळकरी मुलेही होती आणि त्यांनी फळ्यावरची रेघ वहीत उतरवून घेतली होती. त्या वह्या आता माझ्या हाती लागणार नाहीत. माझ्या टिपणातली रेघ मात्र मी दुरुस्त केली आहे : तळाशी आकडा तसाच आहे, वरचे टोक मोकळे सोडले आहे आणि त्या आकड्याशेजारी लिहिले आहे, ‘इथवरच हिशेब येतो.’