हट्टाचा ‘च’ आणि हक्काचा ‘च’

मनाच्या दुखण्यांवरील लेखन मराठीत आता दुर्मीळ राहिलेले नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांत या विषयाने ग्रंथालयांत आपले एक स्वतंत्र कपाट मिळवले आहे. सोलापुरात बसून आम्ही ही पुस्तके वाचत आलो. मानसोपचाराचे पुस्तक हा साहित्यसमीक्षेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. औषधे वगळली तर मानसोपचाराचे बरेचसे काम शब्दांनीच चालते. आणि जिथे शब्द आले तिथे ते कोणाच्या तोंडचे आहेत व कोणाच्या कानी पडणार आहेत, हे पाहणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

या लेखनातील ठळक प्रवाह आहे तो विवेकनिष्ठ मानसोपचाराचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धती मांडली. ती भारतात रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा आहे; आणि ती मराठी घराघरांत पोहोचवण्याचे काम डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘स्वभाव-विभाव’सारख्या लेखनातून व ठाण्यात १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेतून केले. या मंडळींचे ऋण मान्य करूनच पुढील विवेचन करीत आहोत.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. मालकाने भेटायला बोलावले, ही घटना. ‘आता नोकरी जाणार, आणि ती गेली तर मी संपलो’, हा आपण तिचा लावलेला अर्थ. छातीत धडधड, तळहातांना घाम आणि रात्रभर जागरण, हा परिणाम. घटना आणि परिणाम यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो, आणि त्याला प्रश्न विचारता येतात. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्याकडून आपण हे सूत्र घेतल्याचे एलिस मोकळेपणाने सांगत.

माणसाच्या मानसिक क्लेशांचे मूळ एलिस यांनी ‘मस्ट’ या इंग्रजी शब्दात शोधले. इंग्रजीला त्यासाठी एक आख्खा शब्द लागतो; मराठीला एक अक्षर पुरते. ‘मला यश मिळावे’ ही इच्छा झाली. ‘मला यश मिळालेच पाहिजे’ हा हट्ट झाला. ‘सुनेने माझे ऐकावे’ आणि ‘सुनेने माझे ऐकलेच पाहिजे’ या दोन वाक्यांमध्ये एका घराची शांती सामावलेली असते. हा ‘च’ गळून पडला की इच्छा उरते, पण तिचा जाच उरत नाही.

चिंतेच्या बाबतीत हा उपचार गुणकारी आहे, यात शंका नाही. त्याच्याशी जवळचे नाते असलेली, आरन बेक (१९२१-२०२१) यांनी विकसित केलेली पद्धती तर चिंताविकारांवर पुष्कळ अभ्यासांतून पारखली गेली आहे. आणि हे केवळ तर्काचे काम नाही. ज्याची भीती वाटते ते टाळत गेल्याने भीती पोसली जाते; थोडेथोडे सामोरे गेल्याने ती ओसरते. एलिस स्वतः तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कमधील एका उद्यानात महिनाभर जाऊन शंभरएक अनोळखी स्त्रियांशी संभाषण सुरू केले. नकार मिळाले, परंतु आकाश कोसळले नाही. परीक्षेच्या धास्तीने उलट्या होणाऱ्या मुलाला किंवा चारचौघांत उभे राहताच वाचा बसणाऱ्या तरुणीला ही वाट आम्ही निःशंकपणे दाखवू.

आमचा आक्षेप यापुढे सुरू होतो. हीच वाट नातेसंबंधांच्या प्रांतात शिरते तेव्हा काय होते?

समजा, आमच्या शहराच्या पूर्व भागात विड्या वळणारी एक स्त्री आहे. हजारी विड्यांमागे ठरलेली मजुरी तिला मिळते. नवरा यंत्रमागावर आहे. पिऊन येतो आणि हात उचलतो. संध्याकाळ झाली की तिचा जीव घाबरा होतो. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात; तो निर्दोष निघतो. ‘मनाचे आहे,’ असे तिला सांगितले जाते. आता तिच्या हाती असे एखादे पुस्तक आले, किंवा ते वाचलेला कोणी सल्लागार भेटला, तर तिने त्यातून काय घ्यावे? ‘तुला दुःख देतो तो प्रसंग नव्हे, तुझा विचार’? ‘नवऱ्याने मारूच नये’ यातला ‘च’ तिने हट्ट म्हणून सोडून द्यावा? ‘त्याने न मारल्यास मला आवडेल’ हे वाक्य मराठीत उच्चारून पाहावे. ते विवेकाचे वाटत नाही; विटंबनेचे वाटते.

तिच्या मनातली धडधड हा विचारातला दोष नाही. दारावर पडणाऱ्या पावलांविषयीची ती अचूक माहिती आहे. आणि तिचा ‘च’ हट्टाचा नाही, हक्काचा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ मध्ये संमत झाला, तेव्हापासून तो कायद्याच्या पुस्तकातही आहे.

महाराष्ट्रात समुपदेशनाची दुसरीही एक परंपरा आहे. तिची आठवण या कपाटाला फारशी नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस मुख्यालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पुढे इतर जिल्ह्यांतही असे कक्ष निघाले. तेथे स्त्रीचे ऐकून घेणे हा उपचाराचा आरंभ असतो. हिंसेचा दोष तिचा नाही, हे तिला प्रथम सांगितले जाते. आणि समजूत घालण्याआधी तिची सुरक्षितता पाहिली जाते. एक परंपरा विचार बदलते, दुसरी परिस्थितीला हात घालते. दोघींची पुस्तके एकाच फळीवर यावीत, एवढीच आमची मागणी आहे.

एलिस यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, अन्याय मुकाट्याने सोसा, असे त्यांनी कधीच सांगितले नाही. आधी मन स्थिर करा, मग बदलता येईल ते बदला, अशी त्यांची शिकवण होती. पण अनुकरणातून लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांत पहिला अर्धा भाग उरतो आणि दुसरा गळतो. अर्धे औषध ही आमच्या मते लेखनाची गंभीर चूक आहे.

आमच्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न येईल. एलिस निरीश्वरवादी होते, आणि कर्मठ धार्मिकता मनाला घातक ठरते, असे त्यांनी लिहिले. तथापि २००१ मध्ये त्यांनीच दोन सहलेखकांसह, श्रद्धावंतांवर हे उपचार कसे करावेत, यावर ग्रंथ लिहिला. कृती निषेधार्ह असू शकते, पण तिच्यामुळे माणूस टाकाऊ ठरत नाही, हा त्यांचा आग्रह आम्हां ख्रिस्ती वाचकांना परका वाटू नये. मात्र क्षमेचा उपदेशही त्याच अर्ध्या औषधासारखा दिला जातो, हे आपणही प्रांजळपणे कबूल करू या. मार खाल्लेल्या स्त्रीला ‘क्षमा कर, घरी जा’ म्हणणारा आणि ‘विचार बदल, घरी जा’ म्हणणारा, दोघेही तिला त्याच दारापाशी सोडून येतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार सर्वसामान्य मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. अशा समाजात अनेकांचा पहिला, कदाचित एकमेव, उपचारक म्हणजे पुस्तक असते. म्हणून ते लिहिणाऱ्याने प्रत्येक ‘च’ खोडण्यापूर्वी एकदा विचारावे : हा कोणाचा ‘च’ आहे? सासूचा, की सुनेचा? मारणाऱ्याचा, की मार खाणाऱ्याचा? या प्रश्नाचे उत्तर देणारे पुस्तक मराठीत यावे, अशी आमची इच्छा आहे. आणि ते आलेच पाहिजे, असा आमचा हक्कही आहे.