‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला नेमका कुणाला?

डिप्रेशनवर व्यायाम हा उपचार आहे का? २०२४ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये २१८ अभ्यास आणि १४,१७० माणसं होती. चालणं-धावणं, योग, वजनं उचलणं, सगळ्यांचा फायदा दिसला. बातम्या इथेच थांबल्या. पण त्याच पेपरमध्ये लेखकांनी कबूल केलंय की बहुतेक अभ्यासांचा दर्जा कच्चा आहे. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते, खोटा व्यायाम कसा देणार? २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यातही कडक निकष लावल्यावर फायदा बराच आटला होता.

म्हणजे फॅमिली डॉक्टर साशंक असतील तर त्यांचं फार चुकत नाही. २०१२ ची एक ब्रिटिश चाचणी तर अशाच दवाखान्यांतल्या ३६१ रुग्णांवर झाली. नेहमीच्या उपचारांसोबत हालचाल वाढवायला मदत केली. हालचाल वाढली, डिप्रेशन मात्र जास्त कमी झालं नाही.

माझा आक्षेप मात्र वेगळाच आहे. हे सगळं संशोधन ‘बसून राहणारा माणूस’ गृहीत धरतं. आता चकलांब्यात या. गेवराई तालुक्यातून दरवर्षी टोळ्या ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन गाडी भरणं, वर मुकादमाच्या उचलीचं ओझं. त्या बाईला ‘व्यायाम करा’ म्हणणार? शरीर झिजवणारं काम आणि आपल्या मर्जीनं, मोकळ्या वेळात केलेली हालचाल यांचा मनावर सारखा परिणाम होत नाही. पोटासाठीच्या कष्टांत तो फायदा सहसा दिसत नाही.

आपल्याला जवळचा पुरावा गोव्यातला आहे. ‘संगाथ’ची चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. १० प्राथमिक आरोग्य केंद्रं, ४९५ रुग्ण. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत एवढंच केलं, की माणसानं सोडून दिलेल्या, त्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करून दिल्या. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक बरे होते. नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के.

यात व्यायाम सक्तीचा नव्हता. कुणासाठी ती गोष्ट चालणं असेल, कुणासाठी शेजारणीकडे जाऊन बसणं. म्हणून डॉक्टरांनी ‘चालता का?’ याआधी ‘दिवसभरात स्वतःसाठी काय करता?’ हे विचारावं. उत्तर ‘काहीच नाही’ आलं, तर उपचार तिथून सुरू होतो. आणि हो, हे वाचून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका.