तळाचा शिक्का आणि कारागिराचा हात

निर्यातीसाठी घडवलेले जुने जपानी चित्रित पोर्सेलिन हाती आले, की संग्राहक प्रथम ते उलटे करून पाहतो. ही सवय गैर नव्हे. परंतु तेथेच थांबणारी रसिकता आम्हांस अपुरी वाटते.

तळाचा शिक्का हा मुळात जकातीचा दाखला आहे. अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने १८९१ पासून आयात मालावर उगमदेशाचे नाव घालणे सक्तीचे केले, म्हणून या भांड्यांवर ‘निप्पॉन’ हा शब्द आला. १९२१ मध्ये तो शब्द जपानी भाषेतील ठरवून ‘जपान’ हेच नाव मागण्यात आले. महायुद्धानंतर, १९५२ पर्यंतच्या काही मालावर तर ‘ऑक्युपाइड जपान’ असे पराभवाचे शब्दही बशीच्या पोटाखाली उमटले. शिक्का काळ सांगतो. कामाची प्रत सांगेलच असे नाही. शिवाय तो खोटाही असतो. मोरिमुरा घराण्याच्या, पुढे नोरिताके म्हणून गाजलेल्या कारखान्याचा पर्णवलयातील ‘एम’ प्रसिद्ध आहे. अलीकडच्या नकलांत त्या ‘एम’च्या जागी वाळूच्या घड्याळासारखी आकृती आढळते.

खरी परीक्षा भिंगाखाली होते. छापील चित्रात बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. हाताच्या कामात कुंचल्याचा फटकारा कोठे दाट, कोठे विरळ असतो, आणि एका पाकळीची दुसरी पाकळी तंतोतंत जोड होत नाही. ‘मोरिआगे’ प्रकारात पातळ मातीची उठावदार रेघ बोटाला लागते. गेशा स्त्रियांच्या चित्रांची स्वस्त भांडी मात्र मधल्या वर्गातली: तांबडी बाह्यरेषा बहुधा छापाची, आतला रंग हाताचा. रेषेबाहेर सांडलेला तो घाईचा रंग विक्रेत्याला दोष वाटतो; आम्हांस तेथे मजुरीवर राबणारा माणूस भेटतो. त्याचे नाव कोठेच नाही, जसे गोव्याच्या बहुतेक जुन्या हस्तिदंती मूर्तींवर कोरणाऱ्याचे नाव नाही.

कलेच्या दृष्टीने पाहता, युरोपीय धर्तीचे गच्च गुलाब आणि सोन्याचे जाड काठ यांत आमचे मन रमत नाही. गिऱ्हाइकाची आवड पुरवताना चित्रकार तेथे स्वतःला विसरलेला दिसतो. उलट सायंकाळचे तळे, एखादे झाड आणि बरीचशी मोकळी जागा एवढ्यावर भागवणारी फुलदाणी पुन्हापुन्हा पाहावीशी वाटते. बाजारभाव अनेकदा सोन्यालाच झुकते माप देतो, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

तडा, टवका आणि पुसलेले सोने यांनी किंमत उतरते, हे रास्तच. दुरुस्ती झाकलेली असेल, तर पुष्कळदा अतिनील दिव्याखाली नवा रंग वेगळा चमकतो. घेणाऱ्याने ते आधी पाहावे, आणि विकणाऱ्याने न विचारताही सांगावे. कानावरचे झिजलेले सोने मात्र आम्ही दोषांच्या यादीत धरीत नाही. त्या कपातून कोणीतरी रोज चहा घेतला आहे.