‘निवृत्त’ सेनानी आणि सत्तापद : तीन आत्मकथनांतील हेतूंचा विचार

युद्ध जिंकून परतलेला सेनापती राष्ट्राच्या सर्वोच्च पदाची इच्छा का धरतो, या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. त्याचे चाहते ‘कर्तव्य’ म्हणतात, टीकाकार ‘महत्त्वाकांक्षा’ म्हणतात. चरित्रकार बहुधा या दोहोंपैकी एकाची बाजू घेऊन साक्षीपुरावे गोळा करतात. प्रस्तुत लेखात हा वाद न्यायनिवाड्यासाठी घेतलेला नाही. स्वतः सेनानीने आपल्या हेतूविषयी काय लिहिले, कोणत्या प्रयोगात लिहिले आणि काय लिहायचे टाळले, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. त्यासाठी युलिसिस ग्रँट, ड्वाइट आयझेनहॉवर आणि शार्ल द गॉल या तिघांची आत्मकथने निवडली आहेत.

प्रारंभी शीर्षकातील अवतरणचिन्हांबद्दल. मराठीत ‘निवृत्ती’ या शब्दाला नोकरी संपण्यापलीकडचा एक अर्थ चिकटलेला आहे. ‘प्रवृत्ती’च्या विरुद्ध टोकाचा हा शब्द संतवाङ्मयातून आपल्या कानांत मुरला आहे. त्यामुळे ‘निवृत्त सेनापती’ म्हटले की विरक्ती गृहीत धरली जाते, आणि अशा माणसाने निवडणूक लढवली तर तो नाइलाजानेच लढवत असणार असे आपण मानतो. वर्गात हा विषय निघाला की ‘एखादा लष्करी माणूस आला पाहिजे’ हे वाक्य ऐकू येतेच. प्रत्यक्षात या तिघांपैकी दोघे निवडणुकीच्या रिंगणात उतरले तेव्हा निवृत्तच नव्हते. १८६८ मध्ये ग्रँट अमेरिकन सैन्याचे विद्यमान सरसेनापती होते. पंचतारांकित जनरल असलेले आयझेनहॉवर नियमानुसार तहहयात सेवेत होते आणि १९५२ च्या उन्हाळ्यात उमेदवारीसाठी त्यांनी तो हुद्दा सोडला. खऱ्या अर्थाने निवृत्त होते ते एकटे द गॉल, आणि निवृत्ती सर्वांत कमी मानवली तीही त्यांनाच.

ग्रँट यांच्या ‘पर्सनल मेम्वार्स’ची जन्मकथा सुपरिचित आहे. मे १८८४ मध्ये ज्या पेढीत त्यांचा पैसा गुंतला होता ती बुडाली. पाठोपाठ घशाचा कर्करोग उघड झाला. कुटुंबामागे काही तरी राहावे म्हणून त्यांनी लेखणी हाती घेतली आणि २३ जुलै १८८५ रोजी मृत्यू येण्यापूर्वी काही दिवस हस्तलिखित पुरे केले. मार्क ट्वेन यांच्या प्रकाशनसंस्थेने दोन खंड काढले आणि पत्नीला चार लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळाले. आठ वर्षे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या या गृहस्थाचे आत्मचरित्र मात्र १८६५ मध्येच थांबते. समारोपात सांतो दोमिंगोच्या विलीनीकरणाचा आपल्या कारकिर्दीतील प्रयत्न ओझरता येतो, पण १८६८ ची उमेदवारी का स्वीकारली याचे उत्तर कोठेही नाही.

या मौनाची साधी कारणे आहेत. प्रकाशकाला आणि वाचकाला युद्ध हवे होते, आणि लेखकाजवळ आयुष्य उरले नव्हते. तरीही एक गोष्ट खटकते. याच पुस्तकात ग्रँट यांनी १८५६ च्या निवडणुकीत बुकॅनन यांना मत का दिले याचे सविस्तर समर्थन केले आहे: त्या वर्षी रिपब्लिकन उमेदवार निवडून आला असता तर दक्षिणेकडील राज्ये फुटली असती, ही त्यांची भीती. एका मताचा हिशेब देणारा लेखक स्वतःच्या उमेदवारीचा हिशेब देत नाही, तेव्हा त्याला केवळ जागेची टंचाई म्हणून सोडून देता येत नाही.

हिशेब सापडतो तो एका खासगी पत्रात. जून १८६८ मध्ये शर्मन यांना लिहिताना ग्रँट म्हणतात की आपल्याला मनाविरुद्ध यात ओढले गेले. परंतु मागे हटलो तर सत्तेची स्पर्धा निव्वळ सौदेबाज राजकारण्यांच्या हाती जाईल आणि महागात पडलेल्या युद्धाची फळे बव्हंशी गमावली जातील. या मजकुराचा पहिला अर्धा भाग कर्मणी प्रयोगात आहे आणि दुसरा कर्तरी. टीकाकार पहिल्या भागाला ढोंग म्हणतात व तेथेच थांबतात. माझ्या मते खरा हेतू दुसऱ्या भागात आहे आणि तो लपवलेलाही नाही. युद्धाची फळे म्हणजे संघराज्याची एकता आणि गुलामांची मुक्ती. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन दक्षिणेतील जुन्या सत्ताधाऱ्यांना मोकळीक देत होते आणि ग्रँट यांचे त्यांच्याशी उघड बिनसले होते. पुढील वर्तनही याच हेतूकडे बोट दाखवते. १८७०-७१ च्या अंमलबजावणी कायद्यांचा आधार घेऊन ग्रँट यांनी कू क्लक्स क्लॅनविरुद्ध कारवाई केली. ऑक्टोबर १८७१ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील नऊ परगण्यांत बंदीप्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब करण्यापर्यंत ते गेले. निव्वळ मानासाठी पदावर बसलेला मनुष्य असा वाईटपणा सहसा घेत नाही. द्रव्यलोभाचा आरोपही १८६८ ला लागू पडत नाही, कारण निवडून येण्यासाठी त्यांनी सैन्यातील आजन्म हुद्दा व वेतन सोडले, आणि त्या काळी माजी राष्ट्राध्यक्षाला निवृत्तिवेतन नव्हते. १८८० मध्ये तिसऱ्या खेपेला उमेदवारी मिळवण्याची खटपट झाली व फसली. तिच्याविषयी मात्र एवढ्या खात्रीने बोलवत नाही.

आयझेनहॉवर यांच्याकडे वळले की मौनाऐवजी शब्दांचा सुकाळ आढळतो. जानेवारी १९४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका वृत्तपत्र-प्रकाशकाला लिहिलेल्या जाहीर पत्रात त्यांनी उमेदवारी नाकारली. आजन्म सैनिकाने, तसेच उघड व सबळ कारण असल्याखेरीज, उच्च राजकीय पदापासून दूर राहावे आणि त्यातच लष्करावरील नागरी सत्तेचे हित आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे पत्र नकाराचा आदर्श म्हणून उद्धृत केले जाते. परंतु त्यातील अपवाद पुन्हा वाचावा. दार लोटलेले आहे, कडी घातलेली नाही. शर्मन यांचा १८८४ चा नकार याच्याशेजारी ठेवला तर भेद कळतो: नामनिर्देशन झाले तरी स्वीकारणार नाही, निवडून दिले तरी पद सांभाळणार नाही. त्या वाक्यांना फट म्हणून नाही.

ते ‘सबळ कारण’ कसे सापडले, हे आयझेनहॉवर यांनी ‘ॲट ईज’ (१९६७) या आठवणींच्या पुस्तकात सांगितले आहे. १९५१ च्या आरंभी नाटोचे सेनापतिपद सांभाळण्यासाठी युरोपला जाण्यापूर्वी त्यांनी सिनेटर टाफ्ट यांची गुप्त भेट घेतली. आपण राजकारणात येणार नाही असे निवेदन तयार होते. टाफ्ट यांनी सामूहिक संरक्षणाला पाठिंब्याचे वचन दिले असते तर ते प्रसिद्ध झाले असते. वचन मिळाले नाही आणि निवेदन फाडले गेले. हा प्रसंग लेखकाने आपल्या निःस्पृहतेचा दाखला म्हणून दिला आहे. मला तो वेगळा वाटतो. आपला नकार हीसुद्धा देवाणघेवाणीची वस्तू आहे, हे ज्याला ठाऊक असते तो राजकारणाच्या उंबरठ्याबाहेर उरलेला नसतो. मात्र सौदा कशासाठी होता तेही पाहिले पाहिजे. पश्चिम युरोपचे संरक्षण हे १९४५ च्या विजयाचेच उत्तररूप होते. म्हणजे येथेही धनी राखणीला उतरला आहे, ग्रँट यांच्यासारखाच.

याच्या जोडीला दुसरा एक पुरावा आहे, आणि तो अधिक मानवी आहे. फेब्रुवारी १९५२ मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या उमेदवारीसाठी प्रचंड सभा झाली. तिचे चित्रण वैमानिक जॅकलीन कॉक्रन यांनी पॅरिसला नेऊन दाखवले. पती-पत्नी दोघेही हेलावून गेली. ही कबुली दैनंदिनीत आहे, आणि ती दैनंदिनी पुस्तकरूपाने आली ती लेखकाच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये. हाकेला ओ देण्यातले सुख माणूस स्वतःजवळ कबूल करतो. वाचकासमोर त्याचे कर्तव्य होते.

द गॉल यांचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. जानेवारी १९४६ मध्ये पक्षांच्या कुरबुरींना कंटाळून त्यांनी सत्ता सोडली. १९४७ मध्ये स्वतःची राजकीय आघाडी काढली, आरंभीच्या यशानंतर ती ओसरली आणि ते कोलोंबे-ले-दोझ-एग्लीझ या खेड्यात लिहीत बसले. युद्धस्मृतींचे तीन खंड १९५४, १९५६ आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. या संहितेत ‘मी’ लिहितो, पण इतिहासाच्या रंगमंचावर वावरतो तो ‘द गॉल’, तृतीयपुरुषी. ही आत्मप्रौढी आहे असे म्हणून तिची थट्टा पुष्कळ झाली. तथापि, तिचे कार्य निराळे आहे. हेतू ‘मी’ला असतात, ‘द गॉल’ला नसतात, त्याला केवळ प्रसंग येतो. महत्त्वाकांक्षेचा प्रश्न उत्तरापूर्वीच व्याकरणाने निकालात निघतो. फ्रान्स १९४० मध्ये कोसळला तो दुबळ्या राज्यसंस्थेमुळे आणि तीच राज्यसंस्था युद्धानंतर पुन्हा उभी केली गेली, ही त्यांची तक्रार प्रामाणिक होती. बायोच्या १९४६ च्या भाषणात बलवान अध्यक्षपदाचा आराखडा त्यांनी मांडलाच होता. परंतु १९५८ मध्ये ती संधी मतपेटीतून आली नाही. अल्जीयर्समध्ये सेनाधिकाऱ्यांनी सत्ता हाती घेतली, कॉर्सिका गेले, पॅरिसवर छत्रीधारी सैनिक उतरण्याची भीती पसरली आणि १ जून रोजी संसदेने त्यांना पंतप्रधान केले. सदुसष्टाव्या वर्षी हुकूमशहाची कारकीर्द कशाला सुरू करीन, असे त्यांनी पत्रकारांना विचारले होते. त्यांनी तसे केले नाही, हे खरे. पण बंडाचा निषेध करण्याचेही त्यांनी टाळले आणि त्याचा लाभ घेतला. हेतू शुद्ध असला तरी वाट शुद्ध ठरत नाही, एवढे समीक्षकाने नोंदवलेच पाहिजे.

आपल्याकडे जनरल करिअप्पा यांनी सेवानिवृत्तीनंतर अठरा वर्षांनी, १९७१ मध्ये, मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या भारतीय सरसेनापतीविषयी मुंबईकरांना आदर नव्हता, असे कोणी म्हणणार नाही. ते वर्ष इंदिरा गांधींच्या लाटेचे होते, हे तर उघडच आहे. तरीही ग्रँट किंवा आयझेनहॉवर यांना जे सांगता आले ते करिअप्पांना सांगता येण्याजोगे नव्हते: तुम्ही माझ्या हाताखाली जे जिंकलेत ते आता धोक्यात आहे. आदर आणि मत यांच्यामधले अंतर बहुधा या एका वाक्याने भरते.

युद्धस्मृतींच्या तिसऱ्या खंडाच्या अखेरीस ऋतुचक्र, अरण्य आणि थकलेला वृद्ध यांचे चित्र आहे. विरक्तीचे असे वर्णन सेनानींच्या साहित्यात दुर्मीळ. मात्र वाचकाच्या हाती तो खंड पडला तेव्हा तो वृद्ध एलिझे प्रासादात राष्ट्राध्यक्ष होता. एप्रिल १९६९ मधील सार्वमत हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी पद सोडले, पुन्हा कोलोंबेला गेले आणि १९५८ च्या पुनरागमनाची हकिगत लिहू लागले. पहिला खंड १९७० मध्ये निघाला. त्या नोव्हेंबरात मृत्यू आला तेव्हा दुसऱ्याची दोनच प्रकरणे लिहून झाली होती.